मुरमाखालची जवारी

माझं लग्न निजामाच्या राज्यात झालं, थोरला मुलगा हैद्राबाद स्टेटात झाला आणि धाकटी मुलगी आंध्रात. गाव तेच, चूल तीच, दोन्ही बाळंतपणांना सुईणही एकच. आम्ही जागचे हललो नव्हतो, राज्यंच येत होती आणि जात होती. माझं माहेर किनवटाच्या बाजूला, मधलं जंगल ओलांडलं की पलीकडे. स्टेट मोडलं तेव्हा ते मुंबई राज्यात गेलं. माझा भाऊ एका दिवसात मुंबईवाला झाला. त्या बिचाऱ्यानं नांदेडच्या पुढचं काही पाहिलेलं नव्हतं. राखीला गेले की तो दारातूनच म्हणायचा, "या आंध्राच्या बाई!" आणि मी चिडायची. चिडण्यासारखं त्यात काय होतं, हे मात्र मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आमचं वावर नेरडीगोंड्याच्या अलीकडे, काळ्या मातीचं. कापूस आणि जवारी, जवारी आणि कापूस, कडेनं थोडी तूर, बांधाला अंबाडी. घरात मी, दोन लेकरं आणि मालक. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे बायका तसंच म्हणतात. माणूस कष्टाळू, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे खिशातून जातोय असं वाटणारा. मी त्याच्या उलट. आठवडी बाजारात वांगी-मिरच्या विकून मला मोडकंतोडकं तेलुगू येऊ लागलं होतं, त्यामुळे घरातला परराष्ट्र कारभार माझ्याकडे होता.

आमच्या वरच्या अंगाला एक मोठं वावर होतं आणि त्याच्या डोक्यावर कुंटा, म्हणजे लहानसं तळं. त्याचा धनी निजाम गेल्यावर शहरात जाऊन बसला होता. आमचा मुलूख आंध्राला जोडला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यानं ते वावर विकलं, आणि घेणारे आले कोस्त्याकडून, पार समुद्राकाठच्या मुलखातून. नवरा-बायको दोघंच. सामान उतरताना मी उगाच पाणी भरायच्या निमित्तानं तिथून गेले. पितळेची एवढाली पातेली, तांदळाची पोती, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं नारळाचं रोप. आमच्या काळ्या मातीत, वैशाखात, नारळ! मला हसू आलं. ते रोप पुढं महिनाभरात वाळलं, तेव्हा ती बाई त्याच्याजवळ बसून रडली आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

ती मला वदिना म्हणायची, वहिनी या अर्थानं, आणि मी तिला अक्का. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं भांडंभर भात आणि वर लालभडक चटणी आणून दिली. मी भांडं हातात घेतलं आणि घाबरून विचारलं, "तुमच्याकडं कोन बिमार हाय?" आता यात माझं काय चुकलं? आमच्या घरात भात शिजायचा तो आजाऱ्यासाठी, लग्नकार्यात, नाहीतर पिंडाला. रोज उठून भात कोण खातो? अक्काला आधी प्रश्न कळला नाही, कळल्यावर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग तिनं आमच्या चुलीवरची भाकरी पाहिली आणि तिचं हसू थांबलं. तिच्या आजीनं म्हणे दुष्काळात जवारी खाल्ली होती. मला वाटलं, ही आमची कीव करते आहे. मी मनातल्या मनात तिची कीव करत होते की बाईच्या पोटाला आधार म्हणून काही नाही.

चटणी तोंडात घातली आणि मी आणखी गोंधळले. ती अंबाडी होती. आमची, बांधावरची अंबाडी! आम्ही ती जवारीच्या कण्या घालून शिजवतो, वरून लसणाची फोडणी. त्यांनी तीच मिरच्यांत कुटून तेलात बुडवली होती. तिला वाटत होतं ही भाजी तिच्या मुलखाची, तिकडून इकडं आली असणार. मी म्हटलं, अगं आमच्या आजेसासूच्या आधीपासून आहे. दोघी बांधावर उभ्या राहून एकाच झुडपावरून भांडलो, आणि मग दोघींनी तोडून आपापल्या घरी नेली.

रोज सकाळी ती ओरडून विचारायची, "अन्नं तिन्नारा?" जेवलात का? मी हो म्हणायची. काय खाल्लं, असा पुढचा प्रश्न. भाकरी म्हटलं की ती मान हलवायची, म्हणजे जेवली नाहीस तर. तिच्या हिशेबी भात पोटात गेला नाही तर जेवण झालंच नाही. आमचे मालक मात्र एकदा तिच्याकडे ताटभर भात जेवून आले आणि घरी येऊन मला म्हणाले, "आता वाढ." मी भाकरी वाढली. त्यांनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "हं, आता जेवलो."

पण खरा चक्रावून टाकणारा होता तो अक्काच्या नवऱ्याचा शेतीचा प्रकार. आमच्याकडे सगळी अक्कल पाणी जपण्यात. पाऊस पडून गेला की वखर फिरवायचा, मातीचं तोंड बंद करायचं, आतली ओल आत ठेवायची. रब्बीची जवारी तर निव्वळ त्या ओलीवर आणि थंडीवर येते. वावरात पाणी साचलं की आम्हाला घरात साप निघाल्यासारखं होतं. आणि हा माणूस काय करत होता? वावराचे तुकडे पाडून चहूबाजूंनी बांध घालत होता, त्यात कुंट्याचं पाणी सोडत होता, आणि बैलांसकट त्यात उतरून सगळ्याचा राडा करत होता. मालक कमरेवर हात ठेवून बघत उभे राहायचे. त्या चिखलात पाय घालायची त्यांना किळस. आपलं वावर आणि त्याचं वावर यांच्यामधल्या धुऱ्यावरच थांबायचे. "सोन्यासारखं वावर बुडवून राह्यला हा मानूस," मला येऊन सांगायचे. तिकडून तो आमच्या कोरड्या वावराकडे बघून अक्काला सांगायचा की बिचाऱ्यांच्या जवारीला कुणी पाणीही पाजत नाही. हे मला अक्कानंच सांगितलं.

आता तो जो धुरा, त्याला लागून आमच्या बाजूला मुरमाचा एक उंचवटा होता. काळ्या मातीत तेवढाच एक कोरडा, कडक तुकडा. त्या मुरमाखाली आमचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेला धान्याचा खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढं, आत रांजणासारखं पोट. आतून कडब्याचं आणि भुशाचं अस्तर लावायचं, जवारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं आणि वर मुरूम पसरून द्यायचा. वरून चालत गेलं तरी कळत नाही. घरातल्या कणगीतली जवारी पोळ्यापर्यंत पुरायची. पोळ्यानंतर पेव उघडायचं, ते नवी जवारी येईपर्यंत. म्हणजे वर्षाचं अर्ध्याहून जास्त अन्न त्या खड्ड्यात असायचं.

पेवाची जागा बाहेरच्याला सांगायची नाही. हा काही नुसता रिवाज नव्हता. रजाकारांच्या धामधुमीत माझ्या सासऱ्यांना चावडीपुढं उभं करून विचारलं होतं, धान्य कुठं आहे. त्यांनी मार खाल्ला, जागा सांगितली नाही. त्यांच्या पाठीवरचे वळ मी शेकले आहेत. ते शेवटपर्यंत मालकांना एकच सांगत राहिले, राज्य कोणाचंबी येवो, पेवाचं तोंड आपल्या तोंडात ठेवायचं. पुढं ते राज्य गेलं, रजाकार गेले, सासरेही गेले. सांगणं तेवढं घरात राहिलं.

आषाढ लागला तसा एक दिवस शेजारी मुद्दाम आमच्या वावरात आला. चप्पल धुऱ्यावर काढून आला, हे मला आठवतं. मी तिथंच निंदत होते. त्याला कुंट्यापासून खालच्या तुकड्यापर्यंत पाट काढायचा होता आणि तो त्या मुरमाच्या कडेनं जाणार होता. खालच्या तुकड्यात पाणी उभं राहील, धुऱ्याला लागेल, चालेल का? आणि मग त्यानं मुरमाकडे बोट दाखवून विचारलं, "इक्कड एमैना उंदा?" इथं काही आहे का? त्यांच्याकडे कुणाचं देवाचं ठाणं, कुणाची समाधी असली तर तिथून पाणी नेत नाहीत, म्हणून त्यानं विचारलं असावं. मी मालकांना मराठीत सांगितलं. मालकांनी मुरमाकडे पाहिलंही नाही.

"काई नाई. मुरूम हाय नुसता."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड दगडाचं. मग मी शेजाऱ्याला म्हटलं, एमी लेदु, काही नाही. तो हात जोडून गेला. त्या वेळी मला काय वाटलं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. काहीच वाटलं नाही. सासऱ्यांचा शब्द पाळला गेला, एवढंच.

आठवड्याभरात पाट सुरू झाला. खालच्या तुकड्यात भाताची रोपं लावली, पाणी धुऱ्याला टेकलं. अक्का गुडघाभर पाण्यात वाकून गात होती आणि माझं सगळं लक्ष मुरमाच्या कडेवर. एक दिवस तिथं पायाखाली ओल लागली. मी घरी येऊन भांडले.

"सांगा न् त्याले! खाली पेव हाय मनाव."

"आता सांगू? मंग तवा काऊन नाई सांगतलं मनन तो."

"मनू द्या! पोरं काय खातीन?"

"मुरूम पानी धरत नाई. जाते निघून."

"आन् नाई गेलं तं?"

यावर ते उठून बैलांकडे गेले. मी त्या माणसाला ओळखते. मारलं असतं तरी जागा सांगितली नसती, आणि इथं तर कुणी मारतही नव्हतं. समोरचा हात जोडून विचारत होता. त्याच्यापुढं कसं वागायचं हे सासऱ्यांनी शिकवलेलंच नव्हतं. मीच जाऊन अक्काला का सांगितलं नाही, असं माझी मुलगी विचारते. नवऱ्याला खोटं पाडायचं, तेही परमुलखातल्या माणसांपुढं? आणि सांगून करायचं काय? पेव भर पावसात उघडता येत नाही, उघडलं की आभाळाचंही पाणी आत. मी नुसती रोज मुरमावर जायची आणि अनवाणी पायानं चाचपून यायची. कधी वाटायचं ओल वाढली, कधी वाटायचं माझ्याच मनाचा खेळ आहे.

भावाकडून जवारी आणावी म्हटलं, तर मधले नाले भरलेले. शिवाय पलीकडून धान्य आणायचं तर आता परवाना लागतो असं बाजारात म्हणत होते. कुणी म्हणे लागतो, कुणी म्हणे नाही. माझ्या बापाच्या वावरातली जवारी माझ्या चुलीवर आणायला कुणाचा परवाना लागतो, निजामाचा, मुंबईचा की आंध्राचा, हे गावात एकालाही धड सांगता येईना.

पोळा झाला. बैलांना पुरणाचा घास दिला आणि त्या दिवशी कणगीचा तळ खरवडून निघाला. पाऊस उघडला होता. दुसऱ्या दिवशी पेव उघडायचं, तर सकाळी वास आला. आंबूस, कुजका, जीव घुसमटवणारा वास. आम्ही दोघं धुऱ्यावर पोहोचलो तेव्हा शेजारी फावडं घेऊन आधीच तिथं उभा होता आणि मागं अक्का, नाकाला पदर लावून. त्यांना वाटलं आमचं एखादं जनावर मेलंय. पुरायला मदत करायला आला होता तो.

"अन्ना, कुठंय?" त्यानं मालकांना विचारलं. अन्ना म्हणजे दादा.

मालक खाली वाकून मुरूम बाजूला करायला लागले. तोही काही न विचारता फावडं मारू लागला. फरशी लागली तसा त्याचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

फरशी सरकवल्यावर वाफेचा भपका आला. पेव उघडलं की बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दिवा सोडून पाहायचा, दिवा जगला तर माणूस उतरतो. शेजाऱ्याला हे कुठून माहीत असणार? तो वाकून आत पाय सोडू लागला. मालकांनी त्याला दंडाला धरून असं मागं ओढलं की दोघंही पडले. मग दोरीनं दिवा सोडला. तो तोंडाशीच विझला. बांबूला लोटा बांधून वरवरची जवारी काढली. काळी पडलेली, गरम, ढेकळं झालेली, मधेच पांढरे कोंब. मी ती हातावर घेतली. हात भाजतील एवढी गरम. माझ्या लेकरांचं नवी जवारी येईपर्यंतचं जेवण होतं ते, आणि ते बैलांपुढं टाकायच्याही लायकीचं राहिलं नव्हतं. मी रडले नाही. मला राग आला होता, पण कुणाचा यावा हेच कळत नव्हतं.

शेजारी माझ्यापाशी आला. "वदिना, मी विचारलं होतं ना?" तो हळूच म्हणाला. "मी विचारलं होतं." पुन्हापुन्हा तेच. मग सांगू लागला, त्याच्या मुलखात भात झोडला की अंगणात गवताच्या दोराची उंच कोठी बांधतात. रस्त्यावरच्याला दिसली पाहिजे अशी. मुलगी द्यायला येणारा आधी ती कोठी बघतो. अन्न कुणी जमिनीत घालतं, असं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. "माझ्यापासून लपवलं?" त्यानं विचारलं. "मी चोर आहे असं वाटलं?"

हे मी मालकांना सांगितलं. ते पेवाच्या तोंडाशी बसले होते.

"त्याच्यापासून नाई," म्हणाले. "त्याच्यापासून कायले लपवू? निजाम गेला. रजाकार गेले. मले तं आता समजूनच नाई राह्यलं, मी लपवलं कोनापासून."

मी हे तेलुगूत कसं सांगणार होते? माझं तेलुगू वांग्या-मिरच्यांचं. मी जमेल तसं सांगितलं. त्याला काय पोहोचलं देव जाणे. त्याचा चेहरा एकदम उतरला, त्यानं फावडं उचललं आणि तो धुरा ओलांडून आपल्या तुकड्यात शिरला. आम्हाला वाटलं चिडून घरी निघाला. तर त्यानं खालच्या बांधावर जाऊन फावडं घातलं. एक घाव, दोन घाव, बांध फुटला आणि पाणी ओढ्याकडे धो धो निघालं. अक्का किंचाळली. भात पोटरीत यायला टेकला होता. अशा वेळी पाणी तुटलं की पीक गेलं, एवढं आता मलाही बघून बघून कळलं होतं. पण तो काही ऐकेना. रडत होता आणि बांध मोठा मोठा तोडत होता. या पाण्यानं तुमचं अन्न नासलं, हे पाणी मला नको, असं काहीतरी म्हणत होता. पेवातली जवारी तर केव्हाच गेलेली. आता पाणी सोडून कुणाचं काय भलं होणार होतं?

मी तशीच उभी राहिले. खरं सांगते, मला क्षणभर बरं वाटलं.

तेवढ्यात मालक पळाले. धुऱ्यावरून त्यांनी सरळ त्या चिखलात उडी घेतली. गुडघ्यापर्यंत रुतले, पडले, उठले, आणि त्या फुटलेल्या बांधात जाऊन पाण्यापुढं आडवे बसले. दोन्ही हातांनी चिखल ओढून पाठीशी लावत होते आणि त्या माणसावर ओरडत होते. आमच्या घरच्या माणसाला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"सोडू नको! सोडू नको बाप्पा पानी! आता हेच खायाचं हाय आमाले!"

शेजारी फावडं धरून थांबला आणि माझ्याकडे बघू लागला, मालक काय म्हणतात ते सांगावं म्हणून. मी पदर खोचला आणि त्या पाण्यात उतरले.